गच्चीवरचा मध आणि वेडा राघू

यंदाच्या दिवाळीत शंकरपाळी स्वतःच्या मधात बुडवून खाणार, असं मी तळवड्याच्या कंपनीत ठणकावून सांगितलं होतं! रहाटणीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मधमाश्यांची पेटी ठेवायला चेअरमन राघोबांच्या किती विनवण्या केल्या, ते माझं मला माहीत.

आठवडाभरात माश्या कमी व्हायला लागल्या. बघतो तर केबलच्या तारेवर एक हिरवागार पक्षी! डोळ्यांत काजळ, शेपटीला लांब काडी. झेप घ्यायचा, माशी पकडायचा, धोब्यासारखी तारेवर आपटायचा आणि गट्टम!

"अय्या, वेडा राघू! किती गोड!" बायको, स्वरूपा, म्हणाली.

"गोड? दरोडेखोर आहे तो!"

दुसऱ्या दिवशी तो अख्खं खानदान घेऊन आला. माझं डोकंच फिरलं! मी गच्चीवरून गरजलो, "ए वेड्या राघू! फुकट्या! लाज नाही वाटत? खाली ये, मुंडीच पिरगाळतो!"

खालच्याच मजल्यावर चेअरमन दाढी करत होते. आणि त्यांची आई त्यांना 'राघू' म्हणते, हे सगळ्या सोसायटीला पाठ आहे!

अर्ध्या गालाला फेस, कमरेला पंचा, अशा अवतारात ते वर आले. "कुनाची मुंडी पिरगाळतो रं?"

"तुमची नाही हो! त्या पक्ष्याची!"

तार रिकामी! सगळे राघू ऐन वेळी पसार!

"कुठं हाय पक्षी? मला येडा म्हनतो व्हय?"

"मी वेड्या राघूला म्हणालो!"

"परत म्हनला!"

तेवढ्यात सर्रकन एक राघू पेटीवरून गेला. "तो बघा!" म्हणत मी संतापानं चप्पल भिरकावली. राघू सुटला. पेटीचं झाकण उडालं!

मग काय! माझ्या नाकाला दोन डंख, चेअरमनच्या बिनफेसाच्या गालाला चार! ते पंचा सावरत पाण्याच्या टाकीभोवती पळायला लागले. त्यांच्या डोक्यावर माश्या आणि माश्यांवर राघूंची सगळी फौज! टप, टप, टप! बघता बघता त्यांच्याभोवतीची हवा साफ!

चेअरमन टाकीला टेकून धापा टाकत म्हणाले, "पाखरांनी वाचीवलं बाबा!"

"अहो, माझ्या माश्या..."

"तू गप!"

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये सुजलेल्या तोंडानं त्यांनी फर्मावलं, "पेटी उद्याच्या उद्या हलवायची. पाखरांना कुनी हात लावायचा न्हाई!"

मी चडफडत घरी आलो. तोवर सोसायटीच्या ग्रुपवर राघूचा फोटो झळकला होता. खाली चेअरमननी लिहिलं होतं, 'आपले नवे रखवालदार.' स्वरूपानं लगेच लाल बदाम टाकला.

मी फोटो मोठा करून बघितला. रखवालदाराच्या चोचीत माझीच माशी होती हो!