हौसाच्या बाजूचं वारं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ट्रकचं नाक साफ करणं. मी इंजिनाच्या बाजूनं पाण्याची नळी धरली होती. हौसा, माझी बायको, पुढं बसून जुन्या ब्रशानं जाळीतला भुसा काढत होती आणि भुशालाच विचारत होती, "पर हितंच का अडकतूस?"

'पर का?' हे तिचं कायमचं. दवाखान्यात डॉक्टरला, एसटीत कंडक्टरला. शिवऱ्याचा मेस्त्री तर ती दिसली की ट्रकखाली शिरायचा.

दोन वर्षांमागं गाडी चालवताना मला उन्हानं घेरी आली. लेक म्हणाली, ट्रक विका. हौसानं उलट त्या जुन्या ट्रकात एसी बसवून घेतला. म्हणाली, "मला लई उकडतंय." आणि एसी लावला की डोक्यावरून शाल घेऊन बसायची. मी म्हणायचो, "अगं, सोसत न्हाई तर बंद करू का?"

"पुढं बघा तुमी."

आम्ही वेल्ह्याहून भाताचा पेंढा आणायचो. यंदा चढाला लागलं की इंजिनाच्या तापाचा काटा लालात जायचा आणि एसीतनं नुसतं कोमट वारं. मेस्त्री म्हणाला, "मावशी, गॅस संपलाय."

"पर का? भाकरीसंगं खाल्ला कुणी? गळत आसंल तर दाव कुठं ते."

गळती काही सापडंना. मग तीच म्हणाली, "हायवेला इंजिन बी बरं, एसी बी बरा. चढाला दोनी आजारी. म्हंजी दुखणं एकच. गाडी रांगती तवा वारं आत जात न्हाई."

मेस्त्रीनं वाकून बघितलं. एसीची जाळी आणि रेडिएटर, मधल्या फटीत पेंढ्याचा भुसा, गादीसारखा. तोच आम्ही धुऊन काढला. ट्रक गार झाला.

चौथ्या दिवशी हौसा गेली. तांदूळ निवडता निवडता. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. पर का, विचारणारी तीच नव्हती.

तेराव्यानंतर लेकीनं ट्रकला सारोळ्याचं गिऱ्हाईक आणलं. तो हौसाच्या सीटवर बसला, एसी लावला, म्हणाला, "आबा, ह्या बाजूला वारंच येत न्हाई."

मी वाकून बघितलं. तिच्या पुढ्यातल्या एसीच्या दोन्ही झडपांत जुन्या लुगड्याच्या चिंध्या गच्च कोंबलेल्या. सगळं वारं माझ्या तोंडावर यायचं. मी तिकडं कधी बसलोच नव्हतो.

तो चिंधी ओढायला लागला. मी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. गाडी द्यायची न्हाई."

"का, आबा?"

मी चिंधी परत आत कोंबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसी लावला, तिची शाल डोक्यावरून घेतली आणि वेल्ह्याला पेंढा आणायला गेलो.