ईशानसाठी एक कॅसेट

लग्न न करता, बायकोशी एकदाही न भांडता आणि शाळेच्या प्रवेशासाठी एकाही रांगेत उभं न राहता मी एक मुलगा चांगला नऊ वर्षांचा करून दाखवला होता! नाव ईशान. इयत्ता चौथी. गणितात हुशार, कन्नडमध्ये कच्चा. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण तो नव्हताच. पण अख्ख्या मल्लेश्वरममध्ये इतकं बिनत्रासाचं बापपण दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं नसेल, याची मला खात्री होती. खोटं सांभाळायला डोकं लागतं आणि ते माझ्याकडे आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

गोष्ट पंचाण्णव सालची. मी विद्याधर पाटणकर, वय अडतीस, मूळ साताऱ्याचा, बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर. मागे कधीतरी कारखान्यानं आम्हा काही जणांना ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं होतं. बाकीच्यांनी येताना बायकांसाठी साड्या आणल्या. मला साडी द्यायला कुणी नव्हतं, म्हणून मी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. त्याच्या डब्यात एक जाडजूड कॅसेट खुपसायची आणि खेळत बसायचं. त्यातला छत्रीवाला बेडूक एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात उड्या मारत जायचा. पडला तर मरायचा नाही, नुसता ओला होऊन शिंकायचा! ती कंपनी असलेच गेम काढायची. रक्त नाही, बंदूक नाही, शत्रू म्हणून फार तर एक चिडका बगळा. खोक्यावर इंग्रजीत ठळक लिहिलेलं असायचं, 'संपूर्ण कुटुंबासाठी'. माझं संपूर्ण कुटुंब म्हणजे मी. त्यामुळे माझ्याकडून कुठलाही नियम मोडला जात नव्हता.

या बेडकाचा दुसरा भाग संपिगे रोडवरच्या प्राणेशच्या दुकानात आलाय असं कळलं, तेव्हा मी कारखान्यातून थेट तिकडेच गेलो. प्राणेश मूळचा बेळगावकडचा. मराठी बोलायचा.

"कुणासाठी सायेब? मुलासाठी काय?"

माझ्या खिशाला कारखान्याचा बिल्ला, हातात जेवणाचा डबा, डोक्यावरचे निम्मे केस गेलेले. शेजारी एक आजोबा टॉर्चचे सेल घेत होते. त्यांनी मला पायापासून वरपर्यंत पाहिलं.

"हो," मी म्हणालो. "मुलासाठी."

"नाव काय त्याचं?"

"ईशान."

"कितवीला हाय?"

"दुसरीला." एवढं सगळं मला इतक्या झटपट सुचलं, की मलाच माझं कौतुक वाटलं!

"आणि त्याची आई...?"

ही माझी तयारी नव्हती. मी गप्प राहिलो. प्राणेशनं त्या गप्प राहण्याचा आपल्या परीनं अर्थ लावला, बरणीतली मूठभर चॉकलेटं माझ्या खिशात कोंबली आणि त्या दिवसापासून माझ्याशी जरा हळू आवाजात बोलायला लागला.

चॉकलेटं मी खाल्ली. टाकून कशी देणार?

मग जाणं वाढलं. काही घ्यायचं नसलं तरी मी दुकानात डोकवायचो. दर जूनला ईशानला न चुकता वरच्या वर्गात घातलं. मी महिनाभर दौऱ्यावर गेलो, तेव्हा त्याला गोवर आणला. प्राणेशनं घरगुती काढा सांगितला, तो मी मनापासून ऐकून घेतला. "जास्त खेळू देऊ नका सायेब, डोळं जातील पोराचं," असं तो रागवायचा, आणि मी "सांगतो त्याला" म्हणून खाली मान घालायचो. कारखान्यात माझ्याभोवती दिवसभर शेकडो माणसं असायची, पण ती सगळी 'पाटणकर, ड्रॉइंग झालं का?' एवढंच विचारायची. घरी काय चाललंय हे विचारणारा प्राणेश एकटा. खोट्या मुलाची का होईना, कुणीतरी चौकशी करतंय याचं मला फार बरं वाटायचं.

पंचाण्णव साली बेडकाचा तिसरा भाग आला. खोक्यावर एक फोटो होता. मुलगा आणि मुलगी खेळताहेत, आई-वडील मागे सोफ्यावर बसून हसताहेत. कंपनीनं आम्हा जुन्या खेळणाऱ्यांचा एवढाच विचार केला होता! ज्यांनी पहिल्या भागात अंगठ्यांना घट्टे पाडून घेतले, ती माणसं आता चाळिशीला आली असतील, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. तळी आणखी उथळ केलेली, बगळ्याचा चिडकेपणाही कमी केलेला. वर बेडकाला एक पिल्लू दिलेलं, आणि ते दुसऱ्या खेळणाऱ्यानं चालवायचं. दुसरं कुणी नसेल तर ते पिल्लू काठावर बसून राहायचं.

आता तुम्ही विचाराल, मग का खेळायचो? सांगतो. गेम सुरू केला की तो बेडूक छत्री मिटायचा, कमरेत वाकून नमस्कार करायचा आणि पडद्यावर अक्षरं यायची, 'आलात! छान झालं!' संध्याकाळी कुलूप उघडून आत गेल्यावर मला असं म्हणणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

पण होऊ घातलं होतं! माझ्या घरमालकीणबाई अंबुबाई, म्हणजे सगळ्यांच्या अक्का, यांनी माझं लग्न मनावर घेतलं होतं. अक्कांचं घराणं शहाजीराजांबरोबर बंगळूरला आलेलं, आणि हे त्या आपण स्वतः कालच सामान उतरवून घेतल्यासारख्या सांगत. त्यांनी आणलेलं स्थळ म्हणजे प्रमोदिनी. वय पस्तीस, एका संशोधन संस्थेत ग्रंथपाल, राजाजीनगरला थोरला भाऊ दामोदर याच्या घरी राहणारी. अक्कांच्याच घरी आमची भेट झाली. उप्पीट आणि केसरीभात समोर ठेवून अक्का मुद्दाम आत गेल्या.

"रविवारी काय करता?" मी विचारलं.

"इस्त्री," प्रमोदिनी म्हणाली. "आधी माझ्या कपड्यांना, मग दादाच्या मुलांच्या. तुम्ही?"

"वाचन," मी म्हणालो. ग्रंथपालबाईंना आणखी काय सांगणार!

"काय वाचताय सध्या?"

माझ्या डोळ्यांसमोर फक्त गेमचं माहितीपत्रक आलं. "तळ्यांवर एक पुस्तक आहे," मी म्हणालो. ती हसली. तिला कळलं असावं, की मी थापा मारतोय. पण हसली ती चांगलं. आठवड्यात कळवते म्हणाली. त्या आठवड्यात मी चहाच्या नव्या दोन कपबशा आणल्या आणि गेमला हातही लावला नाही. प्रमोदिनीनं हो म्हणावं, असं मला फार फार वाटत होतं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात प्राणेशच्या दुकानाला दहा वर्षं झाली!

गुरुवारी मी कारखान्यातून आलो, तर अक्का पायरीवर बसलेल्या. मांडीवर एक निळंशार नवंकोरं दप्तर. त्यावर चिठ्ठी, 'चि. ईशान पाटणकर यास, आमचा सर्वांत लाडका बालग्राहक म्हणून सप्रेम भेट'.

"विद्याधरा, स्वल्प बैस," अक्का म्हणाल्या. डोळे रडून लाल झालेले. "दुकानवाला पत्ता विचारत येऊन गेला. सगळं सांगितलंन त्यानं. पोर चौथीला, आईविना. गोवर आला तरी कुणाला बोलला नाहीस रे!"

"अक्का, तो मुलगा म्हणजे..."

"बोलू नको! कुठं बोर्डिंगात ठेवलायस ना? अय्यो, किती सोसलंस!"

"अहो, तो नाहीच..."

"पाणी पी आधी," म्हणून त्यांनी तांब्या माझ्या तोंडाला लावला. पाणी नाकात गेलं, मला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून त्या आणखीच रडल्या. खालच्या मजल्यावरचे उपेंद्रराव बाहेर आले, त्यांनी काहीही न विचारता माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"दामोदरला फोन केला मी," अक्का डोळे पुसत म्हणाल्या. "लपवून लग्न करायचं नसतं. सरी, असो, जे व्हायचं ते होईल."

अंधार पडेपर्यंत सगळ्या गल्लीला माझा मुलगा माहीत झाला. भाजीवाल्यानं एक काकडी जास्त घातली. मी घरात जाऊन बसलो आणि नव्या कपबशांकडे बघत राहिलो. स्थळ गेलं, हे उघड होतं. लहान पोराच्या बापाशी कोण लग्न करणार?

रविवारी सकाळी दार वाजलं. दारात दामोदर, मागे प्रमोदिनी आणि त्यांच्याही मागे अक्का. प्रमोदिनीच्या हातात स्टीलचा डबा आणि कापडी पिशवी. मी आदल्या संध्याकाळी न राहवून खेळलो होतो, त्यामुळे गेम टीव्हीसमोर तसाच पसरलेला. खोकंही तिथंच. पण ते पाहून कुणालाच काही वाटलं नाही. मुलाच्या घरी खेळणी असायचीच!

दामोदर खुर्चीच्या कडेला बसला. "पाटणकर, स्पष्ट बोलतो. मी नको म्हणत होतो. पण हिला बोलायचंय."

प्रमोदिनीनं डबा टेबलावर ठेवला. "बेसनाचे लाडू आहेत. मुलांना आवडतात." पिशवीतून तिनं एक पुस्तक काढलं. कन्नडची पहिली अंकलिपी! "कन्नड कच्चं आहे म्हणे त्याचं. माझं बरं आहे. घेईन मी करून." मग ती खाली बघत म्हणाली, "तुम्ही आधी सांगायला हवं होतं. पण राग गेला माझा. दादाकडे मला काही कमी नाही, पण ते घर वहिनीचं आहे. मला वाटलं, आपल्याकडे ईशान खेळत बसेल आणि आपण दोघं मागे बसून बघू. माझी तयारी आहे."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. मला इतकं काही कुणी आजवर दिलं नव्हतं, आणि दिलं तेही भलत्याच्याच नावानं!

मनात आलं, की उपेंद्ररावांचा धाकटा मुलगा अभिराज ईशान म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीपुरता मागून घ्यावा. पण पुढे काय? आणि मग मला ती झकास कल्पना सुचली. खरं सांगायचं! खरं ऐकून तर सगळ्यांना आनंदच होईल. पोर नाही, पहिली बायको नाही, बोर्डिंग नाही, नवरामुलगा कोराकरकरीत! एवढा सोपा उपाय समोर असताना मी उगीच तीन दिवस झुरत होतो!

"मला मुलगा नाही!" मी उभा राहून जाहीर केलं. "माझं लग्नच झालेलं नाही. ईशान वगैरे कुणी नाही. दुकानदाराला मी सहज बोलून गेलो होतो!"

"अय्यो देवा!" अक्का टाळ्या पिटत उठल्या. "बघ, मी म्हणत नव्हते, माणूस चांगला आहे!" दामोदरनं माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला. तो पहिल्यांदा हसला. मीही हसलो. खोलीत हसत नव्हती फक्त प्रमोदिनी. ती टीव्हीकडे बघत होती.

"मग हे कोण खेळतं?" तिनं विचारलं.

दामोदरनं माझा हात सोडला.

"मी," मी म्हणालो.

"रोज?"

"रोज असं नाही. रविवारी जरा जास्त." मग मला राहवेना. मी खोकं उचलून तिच्या पुढे धरलं. "पण हे फक्त मुलांसाठी नाहीये हो. बघा, संपूर्ण कुटुंबासाठी लिहिलंय! यात दोघांना खेळता येतं. एकानं बेडूक घ्यायचा, एकानं पिल्लू. तुम्ही पिल्लू घ्या, मी शिकवतो! सोपं आहे. पडलं तरी काही होत नाही."

प्रमोदिनीनं खोकं हातात घेतलं आणि त्यावरचा फोटो बराच वेळ पाहिला.

"यातले आई-वडील नुसते बघताहेत," ती म्हणाली.

"त्यांचं चुकलंय ते. कंपनीचं," मी म्हणालो.

ती हसली. हसू चांगलंच होतं, म्हणून मला क्षणभर वाटलं, की जमलं. तिनं खोकं नीट टेबलावर ठेवलं, अंकलिपी पिशवीत घातली आणि उठली.

"विद्याधरराव, मुलगा नऊ वर्षांचा असता तर मी सांभाळला असता," ती म्हणाली. "अडतीस वर्षांचा नाही जमणार मला."

आणि ती गेली. दामोदर गेला. अक्का मागे रेंगाळल्या, दप्तराकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिल्या, आणि खाली उतरल्या. मुलगा असल्याचं त्यांनी सगळ्या मल्लेश्वरमला सांगितलं होतं, पण नसल्याचं सांगायची त्यांना लाज वाटली असावी, कारण ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. नव्या कपबशा मी कपाटात वर ठेवून दिल्या. त्या दिवशी मी खेळलो नाही. दुसऱ्या कशातही मन लागेना.

नंतर एकदा संपिगे रोडवरून जाताना ठरवूनच प्राणेशच्या दुकानात गेलो. म्हटलं, आता इथंही एकदाचं खरं सांगून टाकू आणि मोकळं होऊ. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मला पाहून प्राणेशचा चेहरा खुलला. त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं.

"या की सायेब! किती दिवस झालं! ईशान कसा हाय?"

मी स्टुलावर बसलो.

"बरा आहे," मी म्हणालो. "तुमची आठवण काढतो."