विशेष वर्गाचा बॅनर

काळाचौकीतल्या एकाही मुलाचं यश आपल्या नजरेतून सुटत नाही, असं मंडळाचे अध्यक्ष लवू वारंग छातीठोकपणे सांगत. कुणी नुसता दहावी पास झाला, की पेढा गिळायच्या आत नाक्यावर बॅनर! त्यात मुलाचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि लवूभाऊंचा खिडकीएवढा.

गणपतीला महिना होता. आरतीचं आमंत्रण द्यायला लवूभाऊ कॉलेजात गेले. त्यांचा मुलगा विनीत आणि चाळीतली अनुजा आंगणे दोघंही तिथेच पहिल्या वर्षाला होती. फलकावर यादी दिसली: 'गणित विशेष वर्ग, निवडलेले विद्यार्थी'. पहिलंच नाव अनुजाचं! लवूभाऊंनी पुढचं वाचलंच नाही. फोटो काढला आणि थेट बॅनरवाल्याकडे!

"पप्पा, बॅनर नको ना," विनीत काकुळतीला आला.

"जळतोस काय रे? तिच्यासारखा अभ्यास कर!"

यादी आडनावाच्या अक्षरांप्रमाणे लावली होती आणि वर्ग होता गणितात कच्च्या असलेल्या मुलांचा. अनुजाला बारावीत क्लास परवडला नव्हता. कॉलेजच्या चाचणीत शंभरात नऊ मिळाले, तेव्हाच लाजेने तिने ठरवलं होतं, या वर्गाला जायचं नाही. गणित सुटलं नाही तर कॉलेज सुटणार, हेही तिला माहीत होतं.

पण आता बॅनर लागला होता! सकाळी सहाला अख्खी चाळ दारात.

"उठ गो अनुजा! विशेष वर्गाक उशीर होतलो!"

दूधवालासुद्धा विचारायचा, "ताई, आज क्लास नाय?" बिचारी सुटणार कशी? महिनाभर रोज गेली.

गणपतीत मंडपात सत्कार झाला. शाल, नारळ आणि हातात माईक.

"मी हुशार म्हणून नाही, कच्ची म्हणून निवडले गेले," अनुजा म्हणाली. "आधी नऊ मार्क होते. तुम्ही रोज ढकललंत म्हणून गेले. काल एक्केचाळीस मिळाले."

लवूभाऊंचे कान लालबुंद झाले.

तिची आजी गंगुबाई उठली. "मगे काय झाला? नवाचे एक्केचाळीस केल्यान माझ्या नातीन! वाजवा टाळ्ये!"

टाळ्यांनी मंडप दणाणला. लवूभाऊंचे डोळे भरून आले. त्यांनी माईकच खेचून घेतला.

"अशा मुलांचा मला अभिमान आहे! यादीत आणखी कोण कोण आहेत? सगळ्यांचा सत्कार करू!" असं म्हणत त्यांनी मोबाइलमधला फोटो काढला आणि एकेक नाव मोठ्याने वाचायला घेतलं. शेवटचं नाव आलं, "वारंग विनीत लवू..."

माईक चालूच होता.

"विन्या! तू?"

"म्हणून तर बॅनर नको म्हणत होतो, पप्पा."

"मग वर्गाला जातोस तरी का?"

"रोज. तुम्हाला जिमला जातो सांगून."

"किती होते?"

"सात."

"आणि आता?"

"अडतीस."

लवूभाऊंनी पोराला सगळ्यांदेखत मिठी मारली आणि तिथूनच बॅनरवाल्याला फोन लावला.

"अनुजाशेजारी आमच्या विनीतचा फोटो टाक. मोठा टाक! काय? जागा नाही? मग माझा काढ!"

बॅनरवाल्याने खात्री करून घ्यायला तीनदा परत फोन केला.