चुरीकाकांचं मार्जिन

भिंती चालतात, असं चुरीकाकांचं ठाम मत आहे. दिवसा नाही, दिवसा लोक बघत असतात. आपण झोपलो की कंपाउंडची भिंत उठते, बोटभर पुढे सरकते आणि उजाडायच्या आत काही झालंच नाही अशा चेहऱ्याने उभी राहते. "आज बोटभर," ते म्हणतात, "नातवाच्या लग्नापर्यंत तुझ्या ओसरीत."

म्हणून ते रोज सकाळी हातोडी घेऊन आमच्या सोसायटीच्या गल्ल्यांतून फिरतात. डहाणू स्टेशनच्या पूर्वेची ही सोसायटी रेल्वेवाल्यांनी आणि शिक्षकांनी मिळून काढली. प्लॉट पाडले तेव्हा हद्दीला दगडाऐवजी जुन्या रुळांचे तुकडे पुरले. चुरीकाकांची सगळी नोकरी रुळांच्या देखभालीत गेली. लाइनवर चावीवाला जसा रूळ सैल झालेत का ते ठोकून बघत जातो, तसे ते प्रत्येक प्लॉटचा प्रत्येक कोपरा ठोकतात. टण् वाजला तर पुढे. बद्द वाजला तर बेल.

"अविनाश, तुझा मागचा कोपरा बद्द वाजतोय. कोणी हलवला?"

"उंदरांनी पोखरलं असेल काका."

"उंदराला प्लॉट कशाला लागतो?"

ते माझ्याकडे असं बघतात, की त्या उंदराला मीच पाठवला असावा असं मलाही वाटू लागतं.

घर आणि हद्द यांच्यामध्ये जी मोकळी पट्टी सोडावी लागते, तिला कागदोपत्री सामासिक अंतर म्हणतात. आम्ही सगळे मार्जिन म्हणतो. इतरांच्या लेखी ती सायकल, तुटक्या कुंड्या आणि पाण्याची टाकी ठेवायची जागा. चुरीकाका मात्र तिथे पाय टाकण्याआधी चपला काढतील की काय, असं वाटतं. सोसायटीत ते कोणत्याही पदावर नाहीत. पद का घेत नाही विचारलं तर म्हणतात, "पदाला मुदत असते."

समोरच्या हसमुखभाईंनी बाजूच्या ओट्यावर झोपाळा टांगला तेव्हाची गोष्ट. चुरीकाका टेप घेऊन आले, मोजलं, मान हलवली. झोपाळा हद्दीत होता. बघायला जमलेली मंडळी निराश होऊन पांगणार, एवढ्यात ते म्हणाले, "आता बसा." हसमुखभाई बसले. "घ्या झोका." त्यांनी झोका घेतला. काकांनी टेप पुन्हा उघडला.

"उभा असताना कायदेशीर आहे," ते म्हणाले. "झुलताना मार्जिनमध्ये जातो."

हसमुखभाई शांतपणे म्हणाले, "तो काका, हुं धीमे धीमे झूलीश."

अजूनही ते हळूहळूच झुलतात. काका कडेने गेले की पाय टेकवून थांबतात.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मधल्या काळात सोसायटीचं वातावरण बदललं. ऐसपैस प्लॉट, मध्ये एक बैठं घर, भोवती चिकू आणि नारळ, असं आमच्या लहानपणी होतं. मग कोपऱ्यावरचा एक प्लॉट वारसांनी दोन तुकड्यांत कापला. एका तुकड्यावर तीन मजले चढले, खाली दुकान, वर भाडेकरू. त्यांच्या गाड्या रस्त्यावर, त्यांच्या शोषखड्ड्याचं पाणी शेजारच्या विहिरीत. त्यानंतर दुसरा प्लॉट कापला गेला. "कलिंगडाचं तसंच असतं," चुरीकाका म्हणाले. "पहिली फोड काढेपर्यंत सगळे दम धरतात."

मग सोसायटीने ठराव केला. नगरपरिषदेच्या नियमात बसत असलं, तरी प्लॉटचं पोटविभाजन करताना लागून असलेल्या शेजाऱ्याची लेखी ना हरकत लागेल. त्या दिवसापासून आम्ही सगळे एकमेकांकडे चुरीकाकांच्या डोळ्यांनी बघू लागलो. कोणाकडे पांढऱ्या शर्टातला माणूस आला की तो दलाल. कोणी अंगणात पावलं टाकत फिरला की तो मोजतोय. हसमुखभाईंच्या घरी वापीचा मेहुणा आला, तर त्याच्या गाडीचा नंबर दोघांनी पाहून ठेवला होता. त्यातला एक मी.

चुरीकाकांवरही माझा संशय होता. रोज संध्याकाळी एक स्कूटरवाला त्यांच्या फाटकाशी थांबायचा, कापडी पिशवी द्यायचा आणि न बोलता निघून जायचा. काका इकडेतिकडे बघत पिशवी चटकन आत न्यायचे. सगळ्यांना नियम सांगणाऱ्या माणसाच्या घरी रोज असं काय येत असेल? मीनाने, माझ्या बायकोने, मला सांगितलं की तू तुझं बघ. पण मी त्या पिशवीचं बघत राहिलो.

आणि ते आमच्यावर लक्ष ठेवून होते, यात तर शंकाच नव्हती. आमचं घर प्लॉटच्या एका अंगाला आहे. चुरीकाकांच्या बाजूला मोकळं अंगण, पलीकडे त्यांचं घर. आमची जेवणाची खोली त्यांच्या खिडकीच्या बरोबर समोर येते. सकाळी हातोडी घेऊन आले की ते हटकून म्हणायचे, "काल उशीर केलात जेवायला." किंवा, "परवा धाकटी दिसली नाही पानावर." मीनाला हे अजिबात आवडायचं नाही. "आपण काय खातो तेही मोजतात का?" ती विचारायची.

अशात माझी थोरली बहीण, नलूताई, तलासरीहून आली. ती तिथे शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नाही. सगळा जन्म भाड्याच्या दोन खोल्यांत काढला आणि आता निवृत्त झाली होती. बाबांनी प्लॉट आम्हा दोघांच्या नावावर ठेवला होता, आणि मोकळं अंगण म्हणजे तिचा अर्धा. त्यावर तिला एक लहानसं घर बांधायचं होतं.

"मला बंगला नको अवि," ती म्हणाली. "स्वतःची मोरी पाहिजे. घरमालकाला न विचारता पाणी ओतता आलं पाहिजे."

नियमात सगळं बसत होतं. दोन्ही तुकड्यांना रस्ता मिळत होता, क्षेत्र पुरेसं होतं, मार्जिन सोडून छोटं घर उभं राहत होतं. फक्त चुरीकाकांची ना हरकत हवी होती.

त्यांनी हरकत घेतली.

सोसायटीच्या सभेत ती वाचून दाखवली. नवीन बांधकामामुळे आपला उजेड, वारा आणि दृश्य अडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. उजेड आणि वारा ठीक होते, पण दृश्य ऐकून हसमुखभाईंना राहवलं नाही. "काका, सामे दरियो छे के?" सगळे हसले. चुरीकाका हसले नाहीत, आणि हरकत मागेही घेतली नाही.

मला मनातून सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. त्या अंगणात माझी गाडी उभी राहते, मीनाचा मोगरा आहे, उन्हाळ्यात आम्ही तिथे खाटा टाकतो. ताईला तोंडावर नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती, आणि मनापासून हो म्हणायची तयारी नव्हती. आता चुरीकाका होते. मी फोनवर उसासा टाकून सांगत होतो, "मी काय करणार ताई, म्हातारा ऐकतच नाही." त्यांची समजूत काढायला मी एकदाही गेलो नव्हतो.

"विचित्रच माणूस आहे मग," ताई म्हणायची, आणि मी हो म्हणायचो.

सभेनंतर मीनाने जेवणाच्या खोलीला जाड पडदा लावला. "घ्या आता दृश्य," ती म्हणाली.

आठवडाभर चुरीकाका काही बोलले नाहीत. हातोडीचा आवाज काही सकाळी आला, काही सकाळी आलाच नाही. मग एक दिवस ते दाराशी उभे राहिले. दाढी वाढलेली, हातात टेप.

"तुमच्या पडद्याबद्दल तक्रार आहे."

मीना बाहेर आली. "पडदा आमच्या घरात आहे काका."

"उभा असताना घरात आहे. वारा आला की खिडकीबाहेर फडफडतो. मार्जिनमध्ये."

मीनाला हसावं की रडावं कळेना. मी मात्र चिडलो. म्हणालो, "काका, आता तुम्ही वाऱ्यालाही नोटीस काढा." त्यांनी टेप खिशात टाकला. मग, "फार जाड कापड आहे," एवढंच पुटपुटले आणि निघून गेले. मीनाने पडद्याच्या खालच्या काठाला दोरी बांधली. पडदा फडफडायचा बंद झाला.

पुढच्या रविवारी नलूताई न सांगता आली. तिसरीपासूनची पोरं हाताळलेली बाई ती, फोनवरच्या माझ्या उसाशांना कंटाळली असणार. संध्याकाळ होत आली होती. "चल," ती म्हणाली, "म्हातारा कसा ऐकत नाही ते बघू."

जावं लागलं. आम्ही काकांच्या फाटकाशी पोचलो तेव्हा स्कूटरवाला येऊन गेला होता. दार उघडंच होतं. चुरीकाकू गेल्यापासून मी त्या घरात गेलो नव्हतो. लहानपणी याच घरात काकूंच्या हातची, मडक्यात शिजवलेल्या कंद-भाज्यांची उकडहंडी खायला आम्ही दोघं पळत यायचो. आता पुढच्या खोलीत खुर्च्या नव्हत्या. जेवणाचं टेबल ओढून खिडकीला लावलं होतं आणि त्याला एकच खुर्ची होती, खिडकीकडे तोंड करून. टेबलावर ती कापडी पिशवी, पिशवीतून काढलेला खानावळीचा डबा, आणि एका ताटावर पालथं घातलेलं दुसरं ताट.

काका खुर्चीत बसले होते. समोर, अंगणापलीकडे, आमच्या खोलीत दिवा लागला होता, पण दिसत होता फक्त पडदा.

"जेवला नाहीत काका?" ताईने विचारलं.

"तुमचं झालं?" ते माझ्याकडे बघून म्हणाले.

"अजून नाही."

"मग थांबतो. आता अंदाजाने जेवावं लागतं." ते ताटावर हात ठेवून बसले. मग ताईलाच सांगू लागले, शाळेतल्या बाईंना गैरहजेरीचं कारण सांगावं तसं. "ही गेल्यावर घास उतरेना गं नलू. मुलगा म्हणाला बडोद्याला या. तिथे दोघंही कामावर, आपापल्या वेळेला जेवतात. इथे निदान समोर चार माणसं बसायची. ह्याने भात घेतला की मी भात घ्यायचो. धाकटी कारलं लपवते ताटाखाली, ते तिच्या आईला माहीत नाही." ते थोडं हसले. "लोकांना कशाला कळायला पाहिजे, म्हातारा डब्यावर आहे ते."

मी पिशवीकडे बघायचं टाळलं. पडद्याकडेही.

ताई खिडकीशी गेली. तिला कळलं असणार, मला कळलं त्याच वेळी. तिचं घर उभं राहिलं असतं ते नेमकं या खिडकीसमोर. पडदा काढता आला असता, भिंत काढता आली नसती. मला वाटलं, ती आता म्हणेल की राहू दे, मी तलासरीलाच बरी. आणि मला भीती वाटली, की ती तसं म्हणाली तर मला पुन्हा बरं वाटेल.

तिने खिडकीतून अंगणाकडे बोट केलं.

"काका, माझं स्वयंपाकघर इथे येणार," ती म्हणाली. "जेवायचं टेबलही त्यातच, वेगळी खोली परवडत नाही. खिडकी मी मागे काढणार होते. ती इकडे काढली तर?"

चुरीकाका सावध झाले. "मार्जिन?"

"नियमात आहे तेवढं पूर्ण सोडणार."

"खिडकी केवढी?"

"तुम्ही सांगा."

त्यांनी ताटावरचा हात काढला. तिच्याकडे ते संशयाने बघत होते, कोपरा बद्द वाजल्यावर बघतात तसे.

"तू एकटीच असशील ना?"

"एकटीच."

"एकटी माणसं जेवायचं टाळतात. उभ्याने काहीतरी खातात." मग त्यांनी विचारलं, "तू किती वाजता जेवतेस?"

"आठला. बसून," ताई म्हणाली. "तीस वर्षं वर्गात पोरांच्या बाकांसमोर बसून जेवले. समोर कोणी असलं तर माझं काही बिघडणार नाही."

"आठ चालेल," चुरीकाका म्हणाले.

त्या रात्री ते आमच्याकडे जेवले. बोलावलं ताईने, मी फक्त खुर्ची सरकवली. मीनाने दोरी सोडून पडदा काढला. धाकटीने कारलं ताटाखाली सरकवलं आणि काकांनी तिकडे न बघता ताक मागितलं. ना हरकतीवर त्यांनी दुसऱ्या दिवशी सही केली. मग माझीही सही लागली. गाडी आता रस्त्यावर उभी असते, आणि काका तिला रोज बोलतात.

ताईच्या घराच्या भिंती आता खिडकीपर्यंत आल्या आहेत. गवंडी वैतागला आहे, कारण काका सकाळपासून टेप घेऊन तिथेच असतात. खिडकीची चौकट त्यांनी दोनदा हलवायला लावली. दोन तुकड्यांच्या मधल्या नव्या हद्दीवर रुळाचा एक तुकडा कुठूनतरी आणून स्वतः पुरला. माझ्यावरचा त्यांचा संशय काही कमी झालेला नाही. बहिणीची जागा भाऊच खातो, असं ते हसमुखभाईंना सांगत होते, आणि हसमुखभाई पाय टेकवून ऐकत होते.

परवा ऑफिसला निघताना मी त्यांना त्यांच्या आणि ताईच्या भिंतीमधल्या मार्जिनमध्ये पाहिलं. टेपचं एक टोक स्वतःच्या खिडकीच्या कठड्याला अडकवलेलं, दुसरं ताईच्या चौकटीला. ते मोजून मोजून पुन्हा मोजत होते. कोणाची तरी चोरी सापडली, असं वाटून मी थांबलो.

"काही चुकलं का काका?"

"नाही. बरोबर आहे." त्यांनी टेप गुंडाळला आणि मोकळ्या पट्टीकडे नाराजीने बघितलं. "नियम जरा जास्तच आहे रे."