चिमटी बोगद्यात शिरली तेव्हा

गुरुवारी संध्याकाळी चष्मेवाल्याची बायको स्टुलावरून पडली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. डॉक्टर तिला हाड कुठे मोडलंय ते दाखवत होते, पण तिचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे होतं.

"अहो, रविवारी स्पर्धा आहे."

"पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी चिमटी आठ वर्षांची होईल, मग घेणार नाहीत तिला. ते काही नाही, तुम्ही पळा तिच्याबरोबर."

चष्मेवाला उभ्या आयुष्यात पळाला नव्हता. बस सुटली की तो शांतपणे पुढच्या बसची वाट बघे. आणि त्यांची कुत्री चिमटी! दीड वीत उंची, वटवाघळासारखे कान आणि तोरा मात्र महाराणीचा. बायको नुसती हुं म्हणाली तरी ती उडी मारी, बसे, लोळण घेई. चष्मेवाल्याला ती घरातलं एक कपाट समजत असे. अधूनमधून जागा बदलतं, एवढंच.

दोन दिवस घरातल्या बोळात सराव झाला. आडवा झाडू म्हणजे उडी, घडी उलगडलेली चादर म्हणजे बोगदा. बायको पलंगावरून हुकूम सोडी, चिमटी झाडूवरून उडे आणि चष्मेवाला झाडूत अडखळे.

मोठ्या कुत्र्यांच्या क्लबाला गावाबाहेरचं हिरवंगार मैदान मिळालं होतं. लहान कुत्र्यांच्या वाट्याला बंद पडलेल्या साबण कारखान्याचं गोदाम आलं. बाहेर सकाळचं लख्ख ऊन होतं, पण गोदामात ते दारापाशीच थबकलं होतं. वर पत्रा, खाली ओलसर फरशी आणि सगळीकडे साबणाचा वास. कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. वास अजून वेळेवर कामाला येत होता.

चष्मेवाल्याला खटकलं ते निराळंच. आत तेरा कुत्री होती आणि एकही भुंकत नव्हतं. बाहेर एकमेकांच्या अंगावर धावणारी ती टीचभर जनावरं आत येताच गप्प झाली होती. सगळी मान वाकडी करून फरशीकडे बघत होती. खालून कोणी बोलत असावं, तशी.

"दमली असतील," डेंटिस्ट म्हणाला. गेल्या वर्षीचा कप त्याच्या मेजरने जिंकला होता. मेजर म्हणजे त्याचा डॅशहुंड. अंगाने लांबलचक, पायाने नावापुरता.

पंचबाई पुढे आल्या. साठीच्या, ताठ, गळ्यात घड्याळ, हातात नियमांचं पुस्तक. "कुत्र्याला हात लावायचा नाही. उड्या, काठ्या, बोगदा, कशालाच हात लावायचा नाही. बाहेरच्या कोणाची मदत घेतली की बाद. आणि पलीकडच्या रेषेवर कुत्रं पोचेपर्यंत घड्याळ थांबणार नाही." मग त्यांनी कडेला चाकांच्या खुर्चीत बसलेल्या बायकोकडे पाहिलं. "तुम्ही खोकायचं सुद्धा नाही."

शिट्टी वाजली. चिमटी सुटली, मागून चष्मेवाला. तिने तीन उड्या मारल्या, उभ्या काठ्यांमधून नागमोडी गेली आणि निळ्या कापडी बोगद्यात शिरली. बोगदा मध्ये वळलेला होता. चष्मेवाला धापा टाकत दुसऱ्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

चिमटी बाहेर आली नाही.

कापड हललं नाही, पावलं वाजली नाहीत. त्याने वाकून हाक मारली, "चिमटी! ये!"

थोड्या वेळाने आतून उत्तर आलं. "चिमटी... ये..." आवाज त्याचाच होता, पण फार खोलवरून आलेला आणि जरा म्हातारा झालेला.

"आत माणूस आहे का?" डेंटिस्टने विचारलं. तेवढ्यात मेजरने हिसका देऊन पट्टा सोडवला आणि तोही बोगद्यात शिरला. कापडाला त्याच्या अंगाचा फुगा आला, वळणापर्यंत सरकला आणि कोणी टाचणी मारावी तसा विरून गेला.

"मेजर!" डेंटिस्टने बोगद्यात खांद्यापर्यंत हात घातला.

"बोगद्याला हात. बाद," पंचबाई म्हणाल्या आणि लिहून मोकळ्या झाल्या.

"अहो बाई, कुत्रा गेला माझा!"

"कुत्रा गेला म्हणून नियम जात नाहीत."

दहा मिनिटं गेली, मग पंधरा झाली. उरलेल्या लोकांनी आपापली कुत्री कडेवर घेतली आणि एकेक पाऊल भिंतीकडे सरकले. बायको ओठ घट्ट मिटून होती. डोळ्यांत पाणी होतं, पण खोकलीसुद्धा नाही. ते पाहून चष्मेवाला पंचबाईंकडे गेला.

"बाई, मी आत गेलो तर?"

पंचबाईंनी पुस्तक चाळलं. "हात लावायचा नाही असं आहे. मालकाने शिरू नये असं कुठे दिसत नाही."

मग त्याने हात पाठीमागे बांधले, पोटावर आडवा झाला आणि अळीसारखा सरपटत आत गेला. निळा उजेड हळूहळू काळा झाला. वळणावर कापड फाटलेलं होतं आणि त्याखाली फरशीच नव्हती. गार वारा तोंडावर आला. "अगं आई गं," एवढंच त्याला म्हणता आलं. नंतर तो एका गुळगुळीत पत्र्याच्या घसरगुंडीवरून डोक्याकडून खाली गेला.

खाली तळघर होतं. वरच्या जाळीतून राखाडी उजेड झिरपत होता. चिमटी आणि मेजर शेजारी शेजारी ताठ बसले होते, शाळेतल्या मुलांसारखे. समोर लाकडी खोक्यावर एक म्हातारा होता. चष्मेवाल्याने सवयीने आधी त्याचा चष्मा पाहिला. फ्रेम तीस वर्षांपूर्वीची, डावी काडी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. दोन्ही काचांत तळघर दिसत होतं, पण चष्मेवाला स्वतः दिसत नव्हता.

"बस," म्हातारा म्हणाला.

चष्मेवाला बसला. मग त्याच्या लक्षात आलं की सांगितलं कुत्र्यांना असावं.

"घाईत आहात का?"

"स्पर्धा चालू आहे, आजोबा."

"मग अडलंय कुठे?" म्हाताऱ्याने जिभेने एकदाच टक् केलं. चिमटी उठली आणि घसरगुंडीवरून सरसर वर गेली. मागून मेजरही गेला. चष्मेवाला चार वेळा घसरला, पाचव्या वेळी पोचला. आभार मानायला त्याने वळून पाहिलं, तर खोकं रिकामं होतं आणि त्यावर बोटभर धूळ होती.

चिमटीने रेषा ओलांडली आणि बायकोने हंबरडा फोडला. आता तिला मुभा होती.

बाकीच्या अकरा जणांनी भीतीने नावं मागे घेतली होती. मेजर बाद झाला होता. राहिली एकटी चिमटी. पंचबाई लिहिणार, तोच बोगद्यात डोकावून आलेला डेंटिस्ट पुढे झाला.

"थांबा. दीड वीत कुत्री त्या खड्ड्यातून आपली आपण वर आली? खाली कोणी होतं का, ते विचारा. बाहेरची मदत म्हणजे बाद, नाही का?"

सगळे चष्मेवाल्याकडे बघू लागले. बायको नकारार्थी मान हलवत होती. इतकी, की खुर्ची करकरली. चष्मेवाल्याने घसा साफ केला. समोरच्याला काय दिसतं ते खरं सांगायला लावणं हाच त्याचा धंदा होता.

"होते. एक आजोबा. त्यांनीच पाठवलं."

"झालं!" बायको म्हणाली.

पंचबाईंचं पेन थांबलं. "इथे कोणी राहत नाही. कुलूप मी लावते. दिसायला कसे होते?"

"चष्म्याची डावी काडी दोऱ्याने बांधलेली."

"काळ्या दोऱ्याने."

"नाही बाई. पांढऱ्या."

"पांढराच," पंचबाई म्हणाल्या. "मीच बांधला होता. वडील इथे मुकादम होते. गोदामात उंदीर फार, म्हणून लहान कुत्री पाळली होती त्यांनी. घसरगुंडीवरून चढायला तेच शिकवायचे."

डेंटिस्टने तेवढ्यात चाचरत विचारलं, "म्हणजे... बाद?"

"बाहेरची मदत असती तर बाद." पंचबाईंनी पेन टेकवलं. "ते इथे चाळीस वर्षं होते. बाहेरचे आपण. पहिला नंबर, चिमटी. वेळ एकेचाळीस मिनिटं, नऊ सेकंद."

टाळ्या वाजवायचं कोणाला सुचलं नाही. लोक भराभरा उन्हात पळाले. बायको कप छातीशी धरून खुर्चीसकट दाराकडे निघाली. चष्मेवाला तिला आधार द्यायला जात होता, इतक्यात पंचबाई हलकेच त्याच्या जवळ आल्या. गळ्यातलं घड्याळ त्यांनी मुठीत धरलं होतं.

"माझ्याबद्दल काही विचारलं का हो त्यांनी?"

चष्मेवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. कपासाठी खोटं बोलला नव्हता तो.

"विचारलं ना," तो म्हणाला. "म्हणाले, वर पंच माझी मुलगी आहे. कडक आहे, पण चुकायची नाही."

पंचबाई वळल्या आणि दिवे मालवायला गेल्या. सगळे मालवून झाल्यावर त्यांनी बोगद्याजवळचा एक तसाच ठेवला.