सरनाईक साहेबांची अकराची खुर्ची

आमचे सरनाईक साहेब रोज अकरा वाजता गळ्यात पाटी अडकवून खुर्चीवर बसतात आणि हाताखालच्या माणसांच्या शिव्या खातात. पाटीवर लिहिलंय : 'मी संगणक आहे. बोला. आईबहीण वर्ज्य. वेळ अकरा ते सव्वाअकरा. नंतर ऐकून घेतले जाणार नाही.'

वारज्याला आमचं पंपांच्या सुट्या भागांचं गोदाम आहे. साहेब तिथले मॅनेजर, मी मालाची नोंद ठेवणारा. गेल्या दिवाळीनंतर वह्या बंद झाल्या, सगळं संगणकावर आलं. माणसं एकमेकांच्या अंगावर यायला लागली. वरच्या ऑफिसातून साहेबांना पत्र आलं, माणसांचा ताण कमी करा. दुसऱ्या कोणी योगासनं लावली असती. यांनी पाटी रंगवली.

"माझ्यावर काढा, मशीनवर नको," हे त्यांचं पालुपद. "मशीन महाग आहे."

पॅकिंगच्या चौधरीबाई अमरावतीकडच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुमच्या तोंडाले आग लागो!"

साहेबांनी डायरीत लिहून घेतलं. "आग. बरं. पुढे?"

बाईंना पुढे सुचेना. हसत सुटल्या.

जुन्या नोंदवहीचा तर साहेबांनी निरोप समारंभ केला. टेबलावर वही, वहीवर शाल, पुढ्यात नारळ. साहेब भाषणात म्हणाले, "वहीताई कधी हँग झाल्या नाहीत." सगळे खिदळले. मी नाही. वहीत अक्षर माझं होतं.

अकराला मी गप्पच बसायचो. बायको जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मशीन जमत नाही म्हटलं तर घरी बसवतील, आणि कसबा पेठेतल्या त्या खोलीत बसून बघू कोणाकडे? म्हणून तोंड उघडायचं नाही. पण गंमत अशी की माझ्या नोंदी रोज बिनचूक निघायच्या. मी चौथी शिकलेला. जरा माजच चढला.

परवा सकाळी खोलीत करमेना, म्हणून आठलाच गोदामात गेलो. साहेब माझ्या जागेवर, संगणकापुढे. शेजारी मालाच्या माझ्या चिठ्ठ्या. एका बोटाने टकटक चाललेली, कपाळावर घाम. आदल्या दिवशी मी अडीचशे वॉशरच्या जागी अडीचशे पंप नोंदवले होते, ते दुरुस्त करत होते.

"हे रोज करता?"

"वर कळलं तर तुम्हाला घरी पाठवतील, मामा."

"मग मला सांगायचं ना!"

"तुम्ही अकराला बोलत नाही. मी तरी कुठून सुरू करू?"

खुंटीवरची पाटी काढली, गळ्यात अडकवली, खुर्चीत बसलो. "काढा माझ्यावर. आईबहीण सोडून."

इतक्या महिन्यांच्या शिव्या डायरीत, पण साहेबांना स्वतःला एक येईना. शेवटी ओरडले, "डबा आणता आणि तसाच परत नेता! रोज! मूर्ख कुठले! जेवत जा ना!"

आणि लगेच घाबरले. "सॉरी हं, मामा."

मी नाक पुसलं. पाटी काढली नाही.

"सव्वाआठ व्हायचेत अजून," म्हटलं. "बरं. पुढे?"