नाकातली गवळण

कुडव्याच्या उमरावजींचा रक्तदाब वाढलाय, हे पहिल्यांदा सापडलं ते त्यांच्याच सुनेला. डिंपल गोंदियात एका दवाखान्यात नर्स होती. तिने सासऱ्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला आणि त्यांच्या पुढ्यातली भज्यांची ताटली उचलून आत नेली.

"गोळी सुरू करू, बाबा. पण सकाळी चालाले जा लागते," ती परत येऊन म्हणाली.

"चालून का होते? रक्त तं बसल्या जागीही फिरते."

"बसल्यावर आळसानं फिरते. चाललं का जोरात वाहते, नळीच्या आतल्या अंगाले घासते. मंग तिथून नायट्रिक ऑक्साइड निघते. त्यानं नळी सैल होते, दाब उतरते. रोज चाललं तं नळीले सवयच लागते."

उमरावजींचा सारा जन्म खताच्या दुकानात गेला होता. "युरियातलं का?"

"त्याचा चुलतभाऊ समजा. अन् तोंड मिटून नाकानं श्वास घ्या. नाकातही ते बनते. गुणगुणलं तं आणखी निघते म्हणतात."

हे शेवटचं वाक्य डिंपल जाता जाता बोलली होती. उमरावजींनी नेमकं तेच गाठीला बांधलं, कारण साऱ्या उपचारात कमी मेहनतीचं तेवढंच होतं.

अडचण एकच होती. त्यांना चाल येत होती ती एका गवळणीची. तरुणपणी गावच्या दंडारीत त्यांनी राधेचं काम केलं होतं, आणि लाडिक, मुरका मारणारी ती गवळण अजून त्यांच्या गळ्यात होती. दुसऱ्या दिवसापासून ती नाकात आली.

वळणावरच्या घरासमोर सुशिलाबाई सडा टाकत होत्या. "कुठं चालले, भाऊजी?" त्यांनी विचारलं. तोंड उघडलं तर औषध वाया जाणार. म्हणून उमरावजींनी मिटल्या ओठांनी हसून मान डोलावली आणि गवळण गुणगुणत ते पुढे गेले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही.

सुशिलाबाईंनी ही गंमत नवऱ्याच्या कानावर घातली. शालीकराम अंगाने भारी, स्वभावाने संशयी. रक्तदाब त्यांनाही होता, पण कोपऱ्यावर दूध आणायलाही ते स्कूटी काढत. 'बोलून नाई राहिला, नुसता हासून राहिला, अन् गवळण,' हे काही त्यांना बरं वाटलं नाही. माणूस पुढे आणखी कोणाकोणाच्या दारात गुणगुणतो ते बघायचं त्यांनी ठरवलं. स्कूटीचा आवाज झाला असता, म्हणून पायी निघाले.

उमरावजींनी मागे वळून पाहिलं, तर शालीकराम. हा आपल्या पुढे जायला बघतो आहे असं त्यांना वाटलं आणि त्यांनी पाय उचलला. ते पळताहेत असं शालीकरामांना वाटलं आणि त्यांनीही उचलला. रोज वेग वाढत गेला. गल्लीत बोलणं झालं, ते फिरत फिरत उमरावजींच्या बायकोपर्यंत, कुंदाबाईंपर्यंत आलं. 'तुमचे बुढे सकाळी पुढं पळतात अन् शालीकरामजी मागं,' एवढंच. कुंदाबाईंनी एका पहाटे पदर खोचला आणि दोघांच्या मागे त्याही निघाल्या.

धानाच्या बांधीपाशी रस्ता संपला, तिथे शालीकरामांनी उमरावजींना गाठलं.

"काऊन जी," ते धापा टाकत म्हणाले, "मायाच घरापुढं गवळण काऊन?"

उमरावजींना वाटलं, नेम मोडू नये. त्यांनी नाकाकडे बोट दाखवलं आणि गुणगुणत राहिले.

"मायं नाक कापतो म्हणून सांगून राहिले का?" शालीकरामांनी त्यांची कॉलर धरली.

तेवढ्यात कुंदाबाई पोचल्या. "कॉलर सोडा, भाऊजी. आधी मले विचारू द्या. कोणासाठी होय जी ही गवळण?"

आता मात्र उमरावजींनी तोंड उघडलं. "नायट्रिक ऑक्साइडसाठी."

"हे कोण होय?" कुंदाबाईंनी विचारलं.

सगळी वरात डिंपलपुढे आली. तिने हसू दाबत सगळं समजावून सांगितलं आणि आलेच आहात तर म्हणून दोघांना बसवलं. पाणी दिलं, धाप ओसरू दिली आणि पट्टा काढला. उमरावजींचा दाब थोडा उतरला होता. शालीकरामांचा पाहून तिने पुन्हा मोजला.

"काका, तुमचा तं लय छान आला. कोणता व्यायाम करून राहिले?"

शालीकराम ओशाळून म्हणाले, "पाळत."

गैरसमज मिटला. माफी मागून झाली, पोहे खाऊन झाले. दुसऱ्या दिवसापासून पाठलागाचं कारणच उरलं नाही, तेव्हा शालीकराम उन्हं वर येईपर्यंत झोपू लागले आणि स्कूटी पुन्हा दुधाला जाऊ लागली.

काही दिवसांनी सुशिलाबाई उमरावजींच्या दारात आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"वहिनी," त्या कुंदाबाईंना म्हणाल्या, "यायचा दाब पुन्हा चढला. सांगून सांगून थकली, उठतच नाईत. भाऊजीले म्हणा, सकाळी माया दारापुढं थोडं थांबून गुणगुणत जा."

उमरावजींनी बायकोकडे पाहिलं.

"थांबतील ते," कुंदाबाई म्हणाल्या. "पण गवळण नाई. भजन म्हणतील."

सुशिलाबाईंनी मान हलवली. "भजनानं नाई उठणार ते."